धुळ्याचा ब्रिग्ज आणि लीड्सच्या सिस्टरबाई

प्रश्न : सर, मी मूळची दोंडाईचाची. सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला एका रुग्णालयात नर्स आहे. आमच्या वॉर्डात ब्रिग्ज आडनावाच्या एक वयस्कर सिस्टर आहेत. बोलता बोलता मी त्यांना म्हटलं, आमचं जिल्ह्याचं गाव धुळे, तेही एका ब्रिग्ज साहेबानेच वसवलंय. बाईंना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी घरचा केक घेऊन आल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हॅलिफॅक्सचं. आता माझ्या मागे लागल्यात, की तो साहेब आमच्या घरातला होता का ते तुझ्या गावाकडच्या जाणकारांना विचार. हे आडनाव मुळात कुठलं? सगळे ब्रिग्ज एकमेकांचे भाऊबंद असतात का? आणि नातं शोधायचंच तर कसं शोधायचं?
(एक वाचक भगिनी, लीड्स)

उत्तर : ताई, आधी हातात पडेल असं उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. सगळे ब्रिग्ज एकमेकांचे भाऊबंद नाहीत, आणि नुसत्या आडनावावरून तुमच्या सिस्टरबाईंचं आणि आमच्या धुळ्याच्या कॅप्टन ब्रिग्जचं नातं लागत नाही. शहाद्याच्या पाटलांकडे कोणी गेलं म्हणून सांगलीचे पाटील सुतक धरत नाहीत, त्यातलाच प्रकार. केक मात्र खाऊन टाका.

आता आडनावाकडे येऊ. तुम्ही तर त्याच्या अंगणातच राहता. लीड्सच्या भर बाजारातला ब्रिगेट रस्ता तुम्हाला ठाऊक असेलच. त्या रस्त्याने दुकानं बघत उताराला लागलं की शेवटी एअर नदीचा पूल येतो. तिकडच्या जुन्या बोलीत ‘ब्रिग’ म्हणजे पूल. आणि त्या नावातल्या ‘गेट’चा फाटकाशी काही संबंध नाही; डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या लोकांच्या बोलीत ‘गाता’ म्हणजे रस्ता. म्हणजे पुलाकडे जाणारा रस्ता, इतकंच. १२०७ साली तिथल्या जमीनदाराने, मॉरिस पेनेल त्याचं नाव, लोकांना सनद दिली आणि या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबट पट्ट्यांचे प्लॉट पाडून नवं गाव बसवलं. ही प्लॉटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे धुळ्यात कामाला येणार आहे. लोकरीच्या कापडाचा बाजार आधी चक्क पुलावर भरायचा, व्यापारी कठड्यावर ठाण टाकून बसत. १६८४ मध्ये तो उठून ब्रिगेटवर आला. जाता जाता सांगतो, १८८८ च्या ऑक्टोबरात लुई ल प्रँस नावाच्या फ्रेंच माणसाने याच पुलावरची वर्दळ कॅमेऱ्याने टिपली. जगातल्या अगदी पहिल्या चलत्‌चित्रांत ती मोडते.

तर ब्रिग्ज म्हणजे पुलापाशी राहणारा. एवढ्यावर पुष्कळ लोक थांबतात. पण खरी मजा पुढे आहे. पूल काय दक्षिण इंग्लंडात नव्हते? होते, आणि तिथेही पुलापाशी राहणाऱ्यांना त्यावरूनच नाव पडलं. पण ते झाले ब्रिज, ब्रिजेस, ससेक्सकडे ब्रिजर. शेवटी ‘ज’चा उच्चार. उत्तरेत मात्र कडक ‘ग’. याचं कारण ८६६ सालात आहे. त्या वर्षी डेन लोकांच्या मोठ्या सैन्याने यॉर्क घेतलं, आणि दहा वर्षांनी, ८७६ मध्ये, त्यांच्या सरदाराने तिथली जमीन आपल्या लोकांत वाटून टाकली. लुटायला आलेले लोक नांगराला हात लावून तिथलेच झाले. त्यांची बोली आणि स्थानिक इंग्रजी एकमेकांना इतकी जवळची होती की बाजारहाट चालत असे, आणि चालता चालता एकीचे उच्चार दुसरीत मुरले. म्हणून यॉर्कशायरात ‘चर्च’चं ‘कर्क’ झालं, डोंगराच्या ‘रिज’चं ‘रिग’, तसं ‘ब्रिज’चं ‘ब्रिग’. आपल्याकडे पाचोरा सोडून यावल-रावेरकडे सरकलं की अहिराणी मागे पडते आणि लेवा बोली कानावर यायला लागते. पूर्ण खानदेश फिरलेला माणूस दोन वाक्यांत सांगतो, भाऊ कोणत्या तालुक्याचा. आडनावांचा अभ्यास करणारा इंग्रजही ‘ब्रिग्ज’ ऐकला की आधी उत्तरेकडेच बघतो.

आता पुलापाशी राहणाऱ्याला आडनाव चिकटलं कसं? तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडातल्या साध्या माणसाला आडनाव नव्हतंच. नावंही मोजकी. एका गावात जॉन इतके, विल्यम तितके. जमीनदाराच्या कचेरीतला कारकून दंड कोणाच्या नावावर मांडणार? मग तो लिहायचा, जॉन पुलावरचा. लॅटिनमध्ये लिहायची हौस असेल तर ‘दे पोन्ते’, देशीत लिहिलं तर ‘अ‍ॅट ब्रिग’ किंवा ‘देल ब्रिग’. आपल्याकडे आजही पोस्टमन विचारतो ना, कोणते भास्करराव, फरशीजवळचे, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाजवळचे, की मारुतीजवळचे? त्यातला फरशीजवळचा हा ब्रिग्ज. फरक इतकाच, की आपले फरशीजवळचे भास्करराव कागदावर पाटीलच राहतात, आणि तिकडे कारकुनाने लिहिलं तेच पोराला लागलं.

हे कधी झालं याचे कागद तुमच्या हाताशी आहेत. वेकफिल्डच्या जमीनदारीच्या कचेरीचे गुंडाळे १२७४ पासूनचे टिकले आहेत, आणि हॅलिफॅक्स त्याच जमीनदारीत येत होतं. हे गुंडाळे तुमच्याच लीड्स विद्यापीठाच्या ब्रदर्टन ग्रंथालयात ठेवलेत. कोणाची गाय कोणाच्या शेतात शिरली, कोणी बियर कमी मापली, कोणी परवानगीशिवाय झाड तोडलं, असला सगळा तंटाबखेडा त्यात आहे. दुसरा ऐवज डोईपट्टीचा. १३७७, १३७९ आणि १३८१ असा तीन वेळा राजाने डोईमागे कर बसवला. तिसऱ्या खेपेला दर इतका वाढवला, की शेतकऱ्यांनी लंडनवर चाल केली. १३८१ चं बंड ते हेच. बंडाचं काय व्हायचं ते झालं, आपल्याला मोलाच्या आहेत १३७९ च्या याद्या. यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या याद्या उत्तम टिकल्या. गावोगावच्या माणसांची नावं त्यात आहेत, पुष्कळांचा धंदाही. याद्या चाळल्या की दिसतं, हे आडनाव वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या पुलांपाशी, एकमेकांना न विचारता उगवलेलं आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जितके पूल तितकी ब्रिग्ज घराणी, म्हटलं तरी फार चुकणार नाही.

पुलापाशी राहणारा म्हणजे गरीब झोपडीवाला असंही नाही. त्या काळी पुलावर टोल असे, टोलवाला पुलाच्या तोंडाशी राही. पुलावर प्रार्थनेचं छोटं देऊळही असे. प्रवाशाने दोन पैसे टाकायचे, पुजाऱ्याने त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि पैशातून पुलाची डागडुजी व्हायची. असलं एक देऊळ वेकफिल्डच्या जुन्या पुलावर अजून उभं आहे. लीड्सहून आगगाडीने थोड्या वेळात पोचाल. सिस्टरबाईंना घेऊन जा.

शेवटचा ‘स’, म्हणजे ‘ब्रिग्ज’मध्ये आपण ‘ज’ लिहितो तो इंग्रजी एस, मागाहून लागला. वुडचा वुड्स, ब्रुकचा ब्रुक्स, बँकचा बँक्स, तसा ब्रिगचा ब्रिग्ज. त्याच्यामागे मोठं रहस्य शोधू नका. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला लावली. त्या वह्यांत एकच माणूस जन्मताना ब्रिग आणि मरताना ब्रिग्ज झालेला सापडला, तर तो दुसरा कोणी समजून सोडून देऊ नका. लिहिणारा जसं ऐकत होता तसं लिहीत होता. आपल्या तलाठ्यांचे सातबारे आठवा.

एक सावधगिरीची सूचना. ‘ब्रिग्ज घराण्याचं राजचिन्ह’ छापलेले कप, रुमाल, भिंतीवरच्या पाट्या तिकडे पर्यटकांना विकतात. इंग्लंडात असलं चिन्ह एका माणसाला मिळतं आणि त्याच्या थेट वारसांना चालतं. आडनावाला चिन्ह नसतं. कोणी विकायला आलं तर पैसे खिशात ठेवा.

हॅलिफॅक्सचं नाव निघालं म्हणून एका ब्रिग्जची ओळख करून देतो. तो तुमच्या दप्तरात होता. बारावी सायन्सला लॉग टेबल उघडलंत ना? ते दहाच्या पायावरचे लॉगरिदम हेन्री ब्रिग्जचे. जन्म १५६१, हॅलिफॅक्सजवळच्या वॉर्लीचा. लंडनला भूमितीचा प्राध्यापक झाला. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदमची कल्पना छापली आणि याची झोप उडाली. दुसऱ्याच वर्षी एवढा प्रवास करून एडिंबरोला नेपियरच्या दारात हजर. सांगतात, की दोघे पाव तास एकमेकांकडे नुसते बघत बसले, कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. मग ब्रिग्जने सुचवलं, पाया दहाचा घेतला तर हिशेब सोपा होईल. नेपियरच्याही मनात तेच घोळत होतं, पण त्याची तब्येत साथ देत नव्हती आणि १६१७ मध्ये तो गेला. पुढचं सगळं काम ब्रिग्जने एकट्याने ओढलं आणि १६२४ मध्ये ३०,००० संख्यांचे लॉगरिदम दशांशचिन्हापुढे १४ आकड्यांपर्यंत काढून छापले. यंत्र नाही, कॅल्क्युलेटर नाही. मी शाळेत इतिहास शिकवायचो, पण शेजारच्या वर्गात गणिताचे सर लॉग टेबलावरून पोरांना झोडायचे तेव्हा मला हॅलिफॅक्सच्या या माणसाची कीव यायची. एवढं काम करून शेवटी शिव्याच वाट्याला आल्या. तुमच्या सिस्टरबाईंना नातं जोडायचंच असेल तर कॅप्टनपेक्षा याच्याशी जोडा. गाव तरी एक आहे.

आता हे नाव जगभर कसं गेलं ते थोडक्यात बघू. अमेरिकेच्या किनाऱ्यावर ‘मेफ्लॉवर’ गेलं १६२० मध्ये. पुढच्या वर्षी ‘फॉर्च्युन’ नावाचं जहाज प्लिमथला लागलं, त्यात क्लेमेंट ब्रिग्ज होता. लंडनच्या साउथवर्क भागात कातड्यांच्या धंद्यात काम केलेला माणूस. पुढच्या दोन शतकांत अमेरिकेतले ब्रिग्ज जमिनीमागे पश्चिमेकडे सरकत गेले. अ‍ॅन्सेल ब्रिग्ज १८०६ मध्ये व्हरमाँटमध्ये जन्मला, ओहायोत गेला, तिथून आयोवात, आणि १८४६ मध्ये आयोवा राज्य झालं तेव्हा त्याचा पहिला गव्हर्नर झाला. १९०८ मध्ये मिलवॉकीला स्टीफन ब्रिग्जने हॅरॉल्ड स्ट्रॅटनबरोबर इंजिनाचा कारखाना काढला. तुमच्या तिकडे गवत कापायच्या यंत्रावर ‘ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन’ लिहिलेलं दिसेल, ते यांचंच.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो हॅरी ब्रिग्ज. दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या क्लॅरेंडन परगण्यातला कृष्णवर्णीय माणूस, दुसऱ्या महायुद्धात आरमारात नोकरी केलेला. पेट्रोल पंपावर कामाला, बायको एलायझा मोटेलात. तिथे गोऱ्या मुलांना शाळेची बस होती, काळ्या मुलांनी मैलोन्‌मैल चालायचं. पालकांनी आधी बस मागितली, ती मिळेना, तेव्हा शाळांतल्या भेदभावाविरुद्धच अर्जावर सह्या केल्या. खटल्याला नाव पडलं ‘ब्रिग्ज विरुद्ध एलियट’. सही केली म्हणून नवऱ्याची नोकरी गेली, बायकोचीही गेली. हा खटला आणखी चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ मे १९५४ ला त्यांतल्याच ‘ब्राउन’ खटल्याच्या नावाने निकाल आला, की वर्णावरून वेगळ्या शाळा घटनेत बसत नाहीत. आता या हॅरीचा यॉर्कशायरच्या पुलाशी रक्ताचा संबंध लावाल का? अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी उठली तेव्हा मोकळ्या झालेल्या लाखो लोकांपैकी कित्येकांकडे जुन्या मालकाच्या घराण्याचं आडनाव होतं, कित्येकांनी स्वतःला आवडलं ते घेतलं. नायजेरियातही असंच. तिथल्या रिव्हर्स राज्यात अबोनेमा भागातल्या कलाबारी लोकांत ब्रिग्ज हे नामांकित आडनाव आहे. नायजरच्या मुखाशी इंग्रज व्यापारी पामतेल घ्यायला येत, त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या स्थानिक घराण्यांनी इंग्रजी नावं धारण केली आणि ती पुढे चालली. उद्या तुमच्या वॉर्डात नायजेरियाच्या ब्रिग्ज नावाच्या डॉक्टर आल्या, आणि येऊ शकतात, तर सिस्टरबाईंनी त्यांनाही केक द्यावा.

राहिला आपला कॅप्टन. जॉन ब्रिग्ज, जन्म १७८५, ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासच्या फौजेत १८०१ मध्ये भरती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा एल्फिन्स्टनने त्याला इथे पोलिटिकल एजंट म्हणून धाडलं. मुलूख तेव्हा पार मोडलेला. अरब शिपायांनी किल्ले धरलेले, सातपुड्यात भिल्लांचे नाईक कोणाला जुमानत नव्हते, गावंच्या गावं ओस. मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि मुलखाच्या मध्यावर म्हणून त्याने ठाणं धुळ्याला केलं. १८१९ मध्ये धुळ्यात घरं होती ४०१ आणि माणसं २,५०९. एका अंगाला पांझरा, दुसऱ्या अंगाला पाटाचं पाणी, मध्ये मळ्यांनी वेढलेलं लहानसं गाव. जानेवारी १८१९ मध्ये त्याने कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली, लांबून कारागीर आणले आणि नवी पेठ आखली. आठवा आता ब्रिगेटचे प्लॉट. इथेही तीच युक्ती : घर बांधायला जागा कायमची बिनभाड्याची, वर बांधकामाला उचल, जुन्या रहिवाशालाही आणि बाहेरून आलेल्यालाही. वाणी, उदमी आले, गाव वाढलं. १८७२ च्या मोजणीत १२,४८९ माणसं भरली, आणि त्याच साली पांझरेला महापूर येऊन पुष्कळ घरं गेली. गल्ली नंबर अमुक असा पत्ता सांगणारा धुळेकर अजून त्या आखीव गावातच राहतो.

एवढं सांगून, आमच्याकडे त्याला ‘धुळ्याचा निर्माता’ म्हणून डोक्यावर घेतात ते मला पटत नाही. गाव आधीपासून होतं, त्याने पेठ वाढवली. भिल्लांचा रसदपुरवठा तोडून त्यांना जेरीला आणणाराही तोच, आणि शरण आलेल्यांना नेमणुका देणाराही तोच. पुढे साताऱ्याला ग्रँट डफच्या जागी रेसिडेंट झाला, नागपूरलाही होता. फारसी उत्तम, फरिश्ता या दख्खनच्या जुन्या इतिहासकाराचा मोठा इतिहास त्याने इंग्रजीत आणला, तो १८२९ मध्ये चार खंडांत निघाला. १८७५ मध्ये दक्षिणेला ससेक्समध्ये, जवळजवळ नव्वदीचा होऊन वारला.

आता शोधायचं कसं. दोन टोकांकडून निघायचं. सिस्टरबाईंनी स्वतःपासून मागे जायचं : आई-वडील, आजोबा, पणजोबा यांचे जन्म-लग्नाचे दाखले. इंग्लंडात सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. दर दहा वर्षांची शिरगणती १८४१ पासून नावानिशी मिळते. १९२१ ची आता खुली झाली आहे, १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले, आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. १८३७ च्या मागे गेलं की चर्चच्या वह्या.

इथे एक अडचण येते, ती आपल्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. त्र्यंबकेश्वरला आपले तीर्थोपाध्याय वही काढतात ती घराण्याची असते. कुटुंब दोंडाईचाहून सुरतेला जावो की लीड्सला, तुमचा भाऊ तिथे गेला की त्याच वहीत, आजोबांच्या सहीखाली सही करणार. चर्चची वही गावाची असते. माणूस शेजारच्या गावी गिरणीत कामाला गेला की तो तिथल्या वहीत, आणि मागच्या वहीत त्याचा पत्ता नाही. म्हणून ‘पिढ्यान्‌पिढ्या हॅलिफॅक्सचे’ असं बाई म्हणतात ते फार मोलाचं आहे. एकाच ठिकाणी शोधता येईल.

दुसरं टोक कॅप्टनचं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दफ्तर आहे. कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून अर्ज करताना बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे, आणि ते अर्ज तिथे ठेवलेत. इलाखेवार बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नकलाही आहेत. याच्यासाठी मद्रास इलाखा बघायचा, मुंबई नव्हे. तिथपासून त्याचे वाडवडील मागे मागे न्यायचे आणि हॅलिफॅक्सच्या रेषेला कुठे भेटतात का ते पाहायचं. भेटले तर आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू. डीएनए तपासणीचा मार्गही आहे, पण आडनावाबरोबर बापाकडून मुलाकडे जातं ते वाय गुणसूत्र, आणि ते बाईंकडे नाही. त्यांच्या भावाला किंवा चुलतभावाला गाठावं लागेल, आणि कॅप्टनच्या बाजूचाही कोणी पुरुष वंशज हवा.

प्रश्न : धरणगावला भिल्ल पलटण उभी करणाऱ्या आउट्राम साहेबाच्या आडनावावरूनच ‘ट्राम’ हा शब्द आला, असं आमचे आजोबा सांगायचे. खरं का?
(एक वाचक, धरणगाव)

उत्तर : आजोबांनी हे स्वतःच्या मनाने रचलेलं नाही, इंग्लंडातही ही दंतकथा जुनी आहे. जेम्स आउट्राम डर्बीशायरमध्ये बटर्ली हॉलला १८०३ साली जन्मला. वडील बेंजामिन आउट्राम इंजिनिअर. कोळसा आणि चुनखडी वाहायला लोखंडी पट्ट्यांचे रस्ते करायचे, त्यावरून घोडे वाघिणी ओढत. म्हणून लोकांनी ‘आउट्राम’मधून ‘ट्राम’ तोडला. पण खाणीतल्या गाड्यांना ‘ट्राम’ म्हणायची रीत बेंजामिनच्या जन्माआधीची आहे. पोरगं दोन वर्षांचं असताना बाप वारला, आई मुलांना घेऊन पुढे स्कॉटलंडला अ‍ॅबर्डीनला गेली, आणि १८१९ मध्ये हा कॅडेट होऊन हिंदुस्थानात आला. १८२५ मध्ये तुमच्या गावी पलटण. १८५७ मध्ये लखनौला होता. १८६३ मध्ये फ्रान्समध्ये वारला; पुरला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत.

प्रश्न : सदर खानदेशच्या इतिहासाचं आणि कुळकथा इंग्रजांच्या! आमच्या गुजर, लेवा, पावरा, तडवी यांची आडनावं कुठे गेली?
(एक नाराज वाचक, पारोळा)

उत्तर : अण्णा, रास्त आहे. पण प्रश्न येतील तशी उत्तरं. तुम्ही रागाचं कार्ड धाडलंत, प्रश्न धाडला नाहीत. ज्यांच्या घरी भाट येऊन वंशावळ वाचून जात असत, त्यांनी भाटाचं गाव आणि त्याने सांगितलेलं मूळ ठिकाण लिहून पाठवावं. पुरेसा मजकूर जमला की आधी लेवा आणि गुजर घेऊ.

प्रश्न : भुसावळला रेल्वेच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या दगडांवर इंग्रजी आडनावं आहेत. अक्षरं झिजत चालली आहेत. आम्ही दोघं-तिघं मित्र नोंद करायची म्हणतो. कशी करावी?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : जरूर करा, या पावसाळ्याच्या आत करा. अक्षरं दिसावीत म्हणून दगडावर खडू, चुना किंवा तेल चोळू नका, आणि तारेचा ब्रश तर लावूच नका. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना ऊन तिरपं पडतं तेव्हा झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. त्या वेळी समोरून आणि बाजूने असे दोन फोटो घ्या. नाव, वय आणि तारीख तर लिहालच, पण रेल्वेतलं पद आणि इंग्लंडातलं गाव दगडावर असेल तर ते अक्षर न अक्षर उतरवा, स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी दुरुस्त न करता. तळाशी कोपऱ्यात दगड घडवणाऱ्याचं नाव आणि गाव कधी कधी सापडतं, तेही घ्या. दक्षिण आशियातल्या अशा दफनभूमींची नोंद ठेवणारी बॅक्सा ही संस्था १९७६ पासून लंडनमध्ये आहे; एक प्रत त्यांना पाठवा, एक इथल्या चर्चला द्या, आणि एक आमच्याकडे.